मलिक अंबर नक्की कोण होता? गुलाम, वजीर की महाराष्ट्राचा राज्यकर्ता?

प्रश्न असा आलाय की मलिक अंबरला काही लोक "शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा गुरू" म्हणतात, काही जण "बाहेरून आलेला एक सुभेदार" म्हणून सोडून देतात, मग खरं काय, आणि एक हबशी गुलाम एवढा मोठा झालाच कसा. मी बरीच वर्षं मध्ययुगीन दख्खनचा इतिहास शिकवतोय, दौलताबाद-खुलताबादच्या बाजूला विद्यार्थ्यांना घेऊन फिरतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा, कारण या माणसाबद्दल दोन ओळींत काही सांगितलं की ते चुकीचंच ठरतं.

आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल. मलिक अंबरच्या लढाया सगळे सांगतात, त्याची शेतसाऱ्याची पद्धत वेगळ्या धड्यात एका परिच्छेदात येते, आणि तो नहरवाला, म्हणजे शहराला भुयारातून पाणी आणणारा अंबर टुरिझमच्या पाटीवर येतो. हे तीन अंबर नाहीयेत हो. त्याची लढाईची पद्धत उभी होती ती त्याच्या शेतसाऱ्यावर. गावं जगली तरच घोडेस्वार जगतात आणि घोडेस्वार जगले तरच मुघल बऱ्हाणपूरच्या पलीकडे थांबतात, एवढा साधा हिशोब त्याला कळला होता आणि त्या काळात दख्खनमध्ये तो फार थोड्यांना कळला होता.

आता सुरुवातीपासून. जन्म साधारण 1548 च्या सुमारास, इथिओपियात, म्हणजे ज्याला आपल्याकडे हबसाण म्हणायचे. मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला, तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात त्याचा सौदा झाला, तिथून बगदादला, आणि तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. मग तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान, चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः हबशी, स्वतः कधीकाळी गुलाम, आणि त्याच्या पदरी जवळपास हजार हबशी गुलाम होते असं सांगतात.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपण गुलाम म्हटलं की अमेरिकेतल्या मळ्यांवरचे गुलाम डोळ्यासमोर आणतो. दख्खनमधली ही गुलामी वेगळी होती, हे लष्करी गुलाम होते, त्यांना हत्यार चालवायला, हिशोब ठेवायला, दरबारात वागायला शिकवलं जायचं, कारण सुलतानांना असे लोक हवे होते ज्यांचं इथे गणगोत नाही, वतन नाही, म्हणजे ते फक्त मालकाशी बांधलेले राहतील. क्रूर तर होतीच ती प्रथा, पोरगं आईबापांपासून तोडून तीन बाजारांत विकायचं याला दुसरा शब्द नाही, पण त्यातून वर चढायची शिडी होती हेही खरंय. चंगीझखान 1570 च्या दशकाच्या मध्यावर मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. म्हणजे ज्याला आपण आयुष्यभर "गुलाम अंबर" म्हणतो तो पंचविशी-तिशीतच मोकळा झालेला होता आणि पुढची पन्नास वर्षं स्वतंत्र माणूस म्हणून जगला. लग्न केलं होतं, बायकोचं नाव बीबी करीमा, तिचीही कबर खुलताबादलाच आहे.

त्यानंतर वीसेक वर्षं तो भाडोत्री सरदार होता. विजापूरच्या आदिलशहाकडे नोकरी केली, "मलिक" हा किताब तिथलाच. 1595 च्या आसपास तो परत अहमदनगरला आला, आभंगखान नावाच्या हबशी सरदाराकडे, आणि तेव्हा त्याच्या हाताखाली फक्त 150 घोडेस्वार होते. हा आकडा लक्षात ठेवा. तेव्हा त्याचं वय पन्नाशीच्या जवळ. आपल्याकडे त्या वयात माणूस रिटायरमेंटचा विचार करायला लागतो आणि या माणसाचं खरं करिअर तिथून सुरू झालं.

वेळ पण तशीच होती. अकबराच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या, चांदबिबीने 1595-96 मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन तह केला, आणि 1600 साली चांदबिबी तिच्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला, कागदावर निजामशाही संपली. पण नीट बघा, मुघलांच्या हातात काय आलं? अहमदनगरचा कोट आणि आजूबाजूची थोडी जमीन. बाकी सगळा मुलूख, घाटमाथा, कोकणची बाजू, नाशिककडचा पट्टा, परांड्याचा परिसर हे सगळं मोकळं पडलं होतं, आणि पगार थांबलेले हजारो घोडेस्वार काम शोधत फिरत होते. अंबरने हे लोक गोळा केले. 150 चे तीन हजार झाले, मग सात हजार. मग त्याने राजघराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याला त्याला दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवला आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः झाला वजीर. गादी त्याची कधीच नव्हती, सत्ता मात्र मरेपर्यंत त्याचीच.

राजू दख्खनी नावाचा एक प्रतिस्पर्धी होता, दौलताबादपासून नाशिकच्या बाजूपर्यंत त्याचा जोर होता, त्याच्याशी काही वर्षं झटापट चालली आणि शेवटी अंबरने त्याला पकडलं. मग राजधानी जुन्नरला, आणि तिथून 1610 च्या सुमारास दौलताबाद-खडकीच्या बाजूला.

आता लढाईचा मुद्दा, ज्याच्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. मुघल फौज म्हणजे चालतं शहर होतं. तोफा, हत्ती, तंबू, बाजार, बायकापोरं, आणि या सगळ्यांना रोज लागणारं धान्य आणि वैरण. मैदानात समोरासमोर ही फौज हरवणं जवळजवळ अशक्य, आणि अंबरला त्याचा अनुभव होता. 1602 मध्ये नांदेडजवळ मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखानानच्या मुलाशी समोरासमोर लढून तो जखमी होऊन मागे हटला होता, 1616 मध्ये रोशनगावला परत तेच, मोठा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. पण ही फौज आत ओढली, घाटात आणली, मागून येणारे धान्याचे तांडे मारले, वैरणीला बाहेर पडलेल्या टोळ्या कापल्या, रात्री छावणीवर बाण-बंदुका टाकून झोपू दिलं नाही, की महिन्याभरात तीच फौज उपाशी पडते. 1611-12 मध्ये अब्दुल्लाखान गुजरातकडून नाशिकमार्गे मोठी फौज घेऊन आला, प्लॅन असा की तो पश्चिमेकडून आणि दुसरी फौज वऱ्हाडकडून, अंबर मधे सापडेल. दोन फौजांचा मेळच बसला नाही, अंबरने अब्दुल्लाखानाला एकटं गाठून असं छळलं की तो बागलाणातून गुजरातकडे पळाला, आणि वऱ्हाडकडची फौज ते ऐकून आपोआप मागे फिरली.

याला फारसी कागदांत बारगीगिरी म्हणतात. हे बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारे हलके स्वार, कोण? बहुतांश मराठे. 1610 च्या आसपासचा इंग्रज व्यापारी विल्यम फिंच लिहून गेलाय की अंबरकडे साधारण दहा हजार त्याच्याच जातीचे म्हणजे हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत. आकडे पुढेमागे असतील पण प्रमाण बघा. भोसले, जाधव आणि बाकीची मराठा घराणी या फौजेत होती. मग "अंबरने मराठ्यांना गनिमी कावा शिकवला" हे वाक्य मला पटत नाही, आणि "मराठ्यांनी अंबरकडून काहीच घेतलं नाही" हेही पटत नाही. डोंगरातली वाट, हलका घोडा, भाकरी बांधून दिवसाला लांब पल्ला मारणं हे इथल्या माणसाला अंबरच्या आधीपासून येत होतं. अंबरने केलं काय तर हे सगळं एका राज्याचं युद्धधोरण बनवलं, चार टोळ्यांची लूट न राहता वीस-पंचवीस वर्षं सलग, पगार देऊन, नकाशा डोक्यात ठेवून, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध चालवता येतं हे दाखवलं. शहाजीराजे या शाळेत तयार झाले, आणि शिवाजी महाराजांनी त्यात किल्ल्यांची आणि आरमाराची व्यवस्था आणि मुख्य म्हणजे स्वराज्याचा स्वतःचा हेतू घातला, जो अंबरकडे नव्हता. अंबर शेवटपर्यंत निजामशहाच्या नावाने लढला. शिवाय महाराज जन्मले 1630 मध्ये आणि अंबर गेला 1626 मध्ये, त्यामुळे "गुरू" वगैरे फॉरवर्ड येतात त्यांना फार अर्थ नाही. घराण्यातून, फौजेतून, कारभारातून आलेला वारसा म्हणा, ते बरोबर आहे.

आता तो शेतसारा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युद्धात उद्ध्वस्त झालेला मुलूख, इजारेदार बसलेले, म्हणजे जो जास्त बोली लावेल त्याला वसुलीचा ठेका आणि मग तो वर्षभरात रयतेकडून ओरबाडून घेणार. अंबरने ठेकेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली, बागायत वेगळी, जिरायत वेगळी, त्यातही चांगली-हलकी, आणि प्रत्यक्ष पीक किती येतं ते काही वर्षं बघून सारा ठरवला. आधी पिकाच्या साधारण दोन-पंचमांश धान्यात, मग त्याचं नगदीत रूपांतर करून उत्पन्नाच्या साधारण एक-तृतीयांश. कमी नाहीये हा सारा, आजच्या डोळ्यांनी बघाल तर भरपूर आहे, पण आधीच ठरलेला होता आणि शेतकऱ्याला माहीत होता हा फरक मोठा. वसुली गावच्या पाटलाकडून, सरकारी कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली. मिरासदाराचा, म्हणजे पिढीजात जमीन कसणाऱ्याचा, जमिनीवरचा हक्क मान्य. अकबराचा महसूलमंत्री तोडरमल याच्या पद्धतीशी याची तुलना सगळी पुस्तकं करतात आणि ती योग्यच आहे, पण तोडरमलच्या मागे अकबराचं अख्खं साम्राज्य शांतपणे उभं होतं आणि अंबर हे करत होता तेव्हा दर दोन-चार वर्षांनी त्याच्या मुलखातून शत्रूची फौज जात होती.

आणि इथेच ते दोन धागे जुळतात. पळत्या घोडदळाला स्वतःचा तळ नसतो, त्याला दाणा-वैरण, बातमी, लपायला जागा हे सगळं गावाकडून मिळतं. गाव तुमच्या वसुलीला कंटाळलेलं असेल तर बातमी तुम्हाला न मिळता शत्रूला मिळते. मुघल छावणी उपाशी मरत होती आणि अंबरचे स्वार त्याच मुलखात पोट भरून फिरत होते याचं कारण मला तरी नुसत्या घोड्याच्या वेगात दिसत नाही, ते या साऱ्याच्या पद्धतीत दिसतं.

जहांगीर मात्र या माणसाच्या नावाने पेटायचा. आपल्या आठवणींमध्ये तो अंबरचं नाव साधं घेतच नाही, काळतोंड्या, काळ्या नशिबाचा असं काहीतरी लावूनच घेतो. 1616 च्या सुमारास त्याच्या दरबारातला चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढलं, जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय, आजूबाजूला घुबडं. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाला कधीच मिळालं नाही. शहजादा खुर्रम 1617 ला आला, अंबरला तह करावा लागला, मधल्या काळात परत जिंकलेला अहमदनगरचा किल्ला परत द्यावा लागला, खुर्रमला त्याबद्दल शाहजहान हा किताब मिळाला, 1621 ला परत तसंच. आणि मग चारेक वर्षांत तोच शाहजहान बापाविरुद्ध बंड करून, हरून, अंबरच्याच आसऱ्याला आला आणि दोघांनी मिळून बऱ्हाणपूरला वेढा घातला.

भातवडीची लढाई 1624 ची, आजच्या अहिल्यानगर शहरापासून जवळच. अंबरचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या आसपास. मुघल आणि विजापूर दोघे एकत्र होऊन त्याच्यावर आले होते. तो मागे मागे हटत गेला, भातवडीला तलाव होता त्याचा बांध फोडून पाणी सोडलं, वरून पाऊस, शत्रूच्या वाटेवर नुसता चिखल. छावणीत धान्य संपलं, लोक फुटून अंबरकडे यायला लागले आणि त्याने त्यांना ठेवून घेतलं. मग एके दिवशी हल्ला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, मुघलांचे लष्करखानासारखे सरदार कैद होऊन दौलताबादला गेले. शहाजीराजे या लढाईत होते आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी इथेच पडले. महाराजांच्या दरबारातल्या कवींद्र परमानंदाने शिवभारतात या लढाईचं वर्णन केलंय आणि त्यात भोसले वीर अंबरच्या बाजूने लढताना दिसतात, त्या वर्णनात कुठे संकोच नाही. जे लोक आज अंबरला आपल्या इतिहासातून काढून टाका म्हणतात त्यांनी ते जरूर वाचावं.

आता तो संत होता असं मी म्हणत नाहीये. 1610 मध्ये त्याने स्वतः गादीवर बसवलेल्या मुर्तझाला विष घालून मारलं असं डच व्यापारी पीटर फान डेन ब्रुक सांगतो, हा माणूस 1617 मध्ये अंबरला त्याच्या छावणीत प्रत्यक्ष भेटला होता. कारण काय तर सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि बापाबद्दलही वाटेल ते बोलली. मुलीचा अपमान, आणि त्यामागे सुलतान आता आपल्याला डोईजड होतोय ही शंका, दोन्ही असणार. पाच वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं आणि परत कारभार सुरू. मराठा सरदारांशीही त्याचं कायम गोड नव्हतं. 1616 च्या पराभवाआधी जाधवराव आणि इतर काही जण मुघलांना मिळाले होते, आणि भातवडीनंतर वर्षभरात शहाजीराजेही त्याला सोडून विजापूरकडे गेले. स्वतःच्या हातात सगळं एकवटून ठेवणारा माणूस होता तो, आणि त्याचे परिणाम पुढे दिसलेच.

खडकीबद्दल थोडं, कारण ते शहर म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर आणि ते वसवलं मलिक अंबरने, 1610 च्या सुमारास. लोकांना वाटतं औरंगजेबाने वसवलं, त्याने फक्त नाव दिलं, 1653 ला. मधे अंबरच्या मुलाने फत्तेनगर हेही नाव ठेवलं होतं. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे जुने पुरे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावावरून पडले असं सांगतात. भडकल दरवाजा 1612 चा, मुघलांवरच्या विजयाच्या आठवणीचा. आणि सगळ्यात भारी काम म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेला टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीखाली जे पाणी झिरपतं ते भुयारात गोळा करायचं, भुयाराला अगदी हलका उतार द्यायचा आणि ठराविक अंतरावर वर उघडणारी विहिरीसारखी तोंडं ठेवायची म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढता येतो. पंप नाही, मोट नाही, पाणी स्वतःच्या वजनाने शहरात येतं. इराणी कनातचं तंत्र, आणि गंमत बघा, त्याच वर्षांत त्याचा शत्रू अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा बांधत होता, तंत्र तेच. एक सांगून ठेवतो, पाणचक्की ही अंबरची नाही, ती अठराव्या शतकातली, तिची नहरही वेगळी आहे, गाईड लोक सर्रास एकत्र सांगतात. नहर-ए-अंबरीच्या त्या विहिरींपैकी कितीतरी आज बांधकामांखाली गेल्यात, सांडपाणी शिरलंय, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण हा दिखाव्याचा वाडा नव्हता, सामान्य माणसाच्या घागरीत पाणी पोचवणारी गोष्ट होती.

मे 1626 मध्ये अंबर गेला, ऐंशीच्या घरात, अंथरुणावर, कुणाच्या कैदेत नाही. खुलताबादला त्याने हयातीतच बांधून ठेवलेल्या मकबऱ्यात त्याला पुरलं. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखानाने तेव्हा लिहिलं की लढाईत, सरदारीत, निर्णयात आणि कारभारात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता आणि हबशी गुलाम एवढ्या थोरवीला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. शत्रूच्या कारकुनाने हे लिहावं याच्याइतकं मोठं सर्टिफिकेट नाही.

पण राज्य टिकलं नाही. मुलगा फत्तेखान कर्तबगार निघाला नाही, दरबारात आपसांत मारामाऱ्या, 1629 ला लखुजी जाधवांचा मुलांसकट दौलताबादला भर दरबारात खून, मग फत्तेखानाने सुलतानालाच मारलं आणि 1633 ला दौलताबाद मुघलांच्या हवाली केलं. शहाजीराजांनी पेमगिरीवर एका निजामशाही मुलाला बसवून तीन वर्षं किल्ला लढवावा तसं राज्य लढवलं, हुबेहूब अंबरने 1600 मध्ये परांड्याला केलं होतं तसंच, पण यावेळी समोर स्वतः शाहजहान होता आणि विजापूरही त्याच्या बाजूला गेलं, 1636 ला सगळं संपलं.

निजामशाही संपली तरी त्याची साऱ्याची घडी गावांत चालू राहिली. दादोजी कोंडदेवांनी पुणे जहागिरीत जमिनीचा बंदोबस्त केला तो मलिक अंबरच्याच धर्तीवर, आणि शहाजीराजांच्या आणि महाराजांच्या काळातल्या इनामाच्या कागदांत "कारकीर्द मलिकंबर" मध्ये जसं चाललं तसंच पुढे चालवावं असा दाखला सापडतो. वतनाचा किंवा हक्काचा तंटा उभा राहिला की मावळातला माणूस त्या हबशी वजिराच्या कारकिर्दीची वहिवाट पुरावा म्हणून पुढे करत होता, तो जाऊन वीस-तीस वर्षं झाल्यावरही.